समुद्रदेवतेची रुपेरी मुद्रा

हाती नाणे आले की त्याची किंमत पाहावयाची आणि ते पुढे चालवावयाचे, एवढाच सामान्य माणसाचा नाण्याशी संबंध असतो. त्यावर कोणाचे चित्र आहे, कडेने कोणती अक्षरे आहेत, हे पाहण्यास बाजारात सवड कोणाला? परंतु ज्यांनी ते नाणे पाडले ते लोक काळाच्या उदरात गेले, त्यांची राज्ये बुडाली, त्यांच्या नगरांची नावेसुद्धा बदलली, म्हणजे मग त्याच नाण्याचे मोल निराळ्या तऱ्हेने होऊ लागते. त्या चिमुकल्या चकतीवरचे चित्र आणि दोन-चार अक्षरे हीच त्या लोकांची उरलेली वाणी ठरते. प्राचीन ग्रीकांच्या चांदीच्या नाण्यांपैकी ज्यांवर समुद्राचा देव पोसायडन कोरलेला आहे, अशी काही नाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

ग्रीकांच्या पुराणकथेप्रमाणे झ्यूस, हेडीझ आणि पोसायडन या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून विश्वाची वाटणी केली. झ्यूसच्या वाट्याला आकाश आले, हेडीझच्या वाट्याला पाताळ आणि पोसायडनच्या वाट्याला समुद्र. रोमन लोक यालाच नेपच्यून म्हणत. पोसायडनचा अधिकार मात्र पाण्यापुरता नव्हता. धरणी हलविणारा, म्हणजे भूकंप घडविणारा देवही तोच, आणि घोड्यांचा स्वामीही तोच. त्याच्या हातात तीन टोकांचा भाला असतो. तो पाहून आपल्याला शंकराच्या त्रिशुळाची आठवण होणे साहजिक आहे. पण पोसायडनचा हा भाला मुळात कोळ्याचा, मोठे मासे टोचून मारण्याचा असावा, असे सामान्यतः मानले जाते. ज्या देशाला तीन बाजूंनी समुद्राने वेढले आहे, जेथे शेतजमीन थोडी आणि डोंगर फार, त्या देशातील माणसाला हा देव प्रसन्न ठेवणे भागच होते. समुद्र त्याला धान्य आणून देई आणि त्याची मुलेही गिळून टाकी.

ही नाणी पाडीत कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. लोखंडाचा किंवा काशाचा एक ठसा ऐरणीत घट्ट बसविलेला असे. त्यावर ठरावीक वजनाची चांदीची तापविलेली चकती ठेवावयाची, तिच्यावर दुसरा ठसा धरावयाचा आणि वरून हातोड्याचा घाव घालावयाचा. एका घावासरशी दोन्ही बाजूंना छाप उठे. प्रत्येक नाणे असे हाताने पाडलेले असल्यामुळे कोठे देवाचा हात कडेबाहेर जाई, कोठे एखादे अक्षर अर्धेच उमटे. नाण्याच्या मापाचे नाव ड्रॅक्मा. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मूठभर’ असा आहे. नाणी नव्हती तेव्हा लोखंडाच्या सळया देवघेवीत चालत. त्यांतील एका सळईला ओबोल म्हणत आणि मुठीत मावतील अशा सहा सळयांचा एक ड्रॅक्मा होई. अथेन्सच्या मापाचा ड्रॅक्मा सुमारे 4.3 ग्रॅम चांदीचा असे. चार ड्रॅक्मांचे जे मोठे नाणे पाडीत त्याचे वजन 17 ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील जवळजवळ दीड तोळा भरे.

उत्तर ग्रीसमध्ये समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूपट्टीवर पोटिडीआ नावाचे नगर होते. कॉरिंथच्या लोकांनी ते इ. स. पू. 600 च्या सुमारास वसविले आणि त्याचे नावच पोसायडनवरून ठेवले. इ. स. पू. 500 च्या सुमारास तेथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर पोसायडन घोड्यावर बसलेला दिसतो. हाती त्रिशूळ आणि खाली घोडा. मागच्या बाजूस चित्र नाही, फक्त चार भागांचा खोलगट चौकोन आहे. कारागिरी जुन्या वळणाची आणि काहीशी ताठर आहे. पण या नाण्यांनंतर थोड्याच वर्षांत त्या नगरावर जो प्रसंग गुदरला त्यामुळे ती बोलकी होतात.

इ. स. पू. 480 मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीझ ग्रीसवर चालून आला आणि सलामिसच्या आरमारी लढाईत हरून परतला. त्याचा सेनापती आर्टाबाझस याने परतीच्या वाटेवर पोटिडीआला वेढा दिला. वेढ्याला तीन महिने झाले असता एके दिवशी समुद्र एकाएकी मागे हटला आणि बराच वेळ हटलेलाच राहिला. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवरून तटाला वळसा घालावा म्हणून इराणी सैन्य पुढे निघाले. ते दोन-पंचमांश वाट चालून गेले असतील, तोच पूर्वी कधी कोणी पाहिली नव्हती एवढी भरती आली. ज्यांना पोहता येत नव्हते ते बुडाले आणि जे पोहत होते त्यांना नगरवासीयांनी होड्यांतून येऊन मारले. ही हकीकत हिरॉडोटसने लिहून ठेवली आहे. नगराबाहेरच्या पोसायडनच्या देवळाची आणि मूर्तीची विटंबना याच सैनिकांनी केली होती, त्याचे हे फळ, असे पोटिडीआचे लोक म्हणत; आणि ते बरोबरच सांगतात असे हिरॉडोटसलाही वाटे. समुद्र असा आधी मागे सरतो आणि मग चालून येतो, हे भूकंपाने उठणाऱ्या त्सुनामी लाटांचे लक्षण होय. त्या किनाऱ्यावरील गाळाच्या थरांत अशा लाटांच्या खुणा सापडल्याचे जर्मन संशोधकांनी 2012 मध्ये जाहीर केले. म्हणजे धरणी हलविणारा आणि समुद्र चाळविणारा देव एकच, ही ग्रीकांची समजूत निसर्गाच्या निरीक्षणातूनच आली असली पाहिजे. 2004 च्या डिसेंबरात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जे घडले ते ज्यांनी ऐकले-वाचले आहे, त्यांना या श्रद्धेचे हसू येणार नाही.

त्या दिवशी समुद्राने रक्षिलेले हे नगर पुढे माणसांपासून मात्र वाचले नाही. अथेन्सविरुद्ध बंड केल्यामुळे इ. स. पू. 432 पासून दोन वर्षांवर त्याला वेढा पडला आणि अखेर ते उपासमारीने शरण गेले. इ. स. पू. 356 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने ते जिंकून तेथील लोकांना गुलाम म्हणून विकले. इ. स. पू. 316 मध्ये कॅसँडर राजाने त्याच जागी नवे नगर उभारले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. देवाच्या नावाच्या जागी राजाचे नाव आले.

काळ बदलल्याची ही खूण होती, आणि नाण्यांवरही ती उमटली. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सरदारांनी साम्राज्याचे तुकडे केले. त्यांतील अँटिगोनसचा मुलगा डीमीट्रिअस हा मोठा धाडसी आणि तितकाच चंचल पुरुष. इ. स. पू. 306 मध्ये सायप्रसमधील सलामिस या नगरापाशी त्याने इजिप्तच्या टॉलेमीचे आरमार बुडविले आणि त्या विजयाच्या भरात बापलेकांनी ‘राजा’ हे पद धारण केले. डीमीट्रिअसने पुढे जी चार ड्रॅक्मांची नाणी पाडली त्यांच्या एका बाजूस नौकेच्या अग्रभागी उभी राहून तुतारी फुंकणारी पंखधारी विजयदेवता आहे. दुसऱ्या बाजूस पोसायडन पाऊल पुढे टाकून त्रिशूळ फेकण्याच्या आवेशात उभा आहे आणि शेजारी ‘डीमीट्रिअस राजाचे’ अशी अक्षरे आहेत. पोटिडीआच्या नाण्यावरचा देव साऱ्या नगराचा होता. हा देव एका माणसाच्या पराक्रमाचा साक्षीदार म्हणून उभा केलेला आहे.

ही साक्ष कितपत खरी? सलामिसच्या विजयानंतर वर्षभरातच डीमीट्रिअसने ऱ्होड्स बेटाला वेढा घातला आणि एक वर्ष झुंजून तो हात हलवीत परत गेला. त्याने मागे टाकलेली वेढ्याची अवजड यंत्रे विकून ऱ्होड्सच्या लोकांनी सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा उभारला, तोच जगातील सात आश्चर्यांपैकी एक. इ. स. पू. 301 मध्ये इप्ससच्या लढाईत त्याचा बाप पडला आणि आशियातील राज्य गेले. तुतारी फुंकणारी ही नाणी या पराभवानंतरची आहेत. हाती आरमार आणि काही बंदरे एवढेच उरले असता, शिपायांचा पगार ज्या चांदीत द्यावयाचा त्या चांदीवर त्याने जुन्या विजयाचा डंका कोरला. अथेन्सच्या लोकांनी तर त्याला पोसायडनचा पुत्र म्हणून गीतात आळविले. अखेर इ. स. पू. 285 मध्ये तो सेल्यूकसच्या कैदेत पडला आणि दोन वर्षांनी तेथेच मेला. समुद्राच्या या पुत्राचे शेवटचे दिवस शत्रूच्या पहाऱ्यात शिकार, मद्य आणि द्यूत यांत गेले.

आणि तरीही त्या नाण्याने एक मोठे काम केले. 1863 मध्ये सॅमोथ्रेस बेटावर एका फ्रेंच अधिकाऱ्याला पंख असलेल्या विजयदेवतेची भग्न मूर्ती सापडली. तिच्याजवळ करड्या संगमरवराचे मोठमोठे तुकडे पडले होते. त्यांचा अर्थ कोणाला लागेना. पुढे आलेल्या ऑस्ट्रियन संशोधकांनी ते तुकडे जुळविले तेव्हा ते नौकेच्या अग्रभागाचे आहेत असे ध्यानी आले, आणि मूर्ती त्या नौकेवरच उभी असली पाहिजे, या अनुमानाला डीमीट्रिअसच्या नाण्याने बळकटी आली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जिन्याच्या माथ्यावर ती मूर्ती आज नौकेसह उभी आहे. ती डीमीट्रिअसच्या काळची नसून बहुधा शंभर वर्षांनंतरची आहे. तिचे आसन ओळखावयास मात्र बोटाच्या पेरावर मावणारे चित्र उपयोगी पडले. त्याच घराण्यातील अँटिगोनस नावाच्या एका राजाच्या नाण्यावर पोसायडनचे दाढीधारी मुख असून केसांत समुद्रातील वनस्पतींची माळ आहे. 1930 मध्ये ग्रीक प्रजासत्ताकाने वीस ड्रॅक्मांचे चांदीचे नाणे पाडले, त्यावरही पोसायडनचेच मुख होते.

येथवर समुद्र जवळ होता. आता जे नाणे पाहावयाचे ते समुद्रापासून शेकडो कोसांवरचे आहे. हिंदुकुश पर्वताच्या उत्तरेस, आमू दर्याच्या काठी बॅक्ट्रिया नावाचे ग्रीक राज्य होते. हल्लीच्या अफगाणिस्तानातील बल्ख हे त्याचे मुख्य ठाणे. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे अँटिमॅकस हा राजा झाला. त्याच्या चार ड्रॅक्मांच्या नाण्यावर त्याचा स्वतःचा चेहरा आहे. डोक्यावर मॅसिडोनियन पद्धतीची पसरट टोपी, ओठांवर किंचित हसू. ग्रीक नाण्यांवरील उत्तम व्यक्तिचित्रांत याची गणना होते. मागील बाजूस, हाती त्रिशूळ आणि विजयाची खजुराची फांदी घेऊन समोर पाहणारा पोसायडन आहे. अक्षरे आहेत, ‘देव अँटिमॅकस राजाचे’. डीमीट्रिअसने देवाला साक्षीस उभे केले. अँटिमॅकस स्वतःच देव म्हणवितो.

पण जेथे समुद्राचे वारेही पोहोचत नाही तेथे समुद्राचा देव का? डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, हा राजा एखाद्या मोठ्या नदीवर नौकायुद्ध जिंकला असावा, असा तर्क केला. त्याला दुसरा आधार मिळालेला नाही. पोसायडनची इतर दोन रूपे ध्यानात घेतली तर कोडे बरेच सुटते. बॅक्ट्रियाचे घोडे सर्वत्र नावाजलेले होते, आणि हिंदुकुशचा प्रदेश भूकंपाचा म्हणून आजही प्रसिद्ध आहे. अश्वपती आणि भूकंपकर्ता म्हणून या देवाला तेथे पुरेसे काम होते. आणखीही एक गोष्ट आहे. हे ग्रीक पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगराळ मुलखात राहिले होते. त्यांच्या बहुतेकांच्या दृष्टीस समुद्र कधी पडलाही नसेल. पण आजे-पणजे ज्या देवाला भजत आले त्याचा त्रिशूळ टाकसाळीतील कोरक्याला बिनचूक कोरता येत होता. याच राजाच्या कारकिर्दीतील चामड्यावर लिहिलेली कराची एक ग्रीक पावती 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे दफ्तराची भाषाही ग्रीकच होती.

हेच ग्रीक पुढे हिंदुकुश ओलांडून आले तेव्हा त्यांना आपल्या पूर्वजांनी यवन म्हटले. अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांनी नाण्याच्या एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी घातली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात असे सांगितले आहे की, या दोन राजांचे जुने ड्रॅक्मा त्या वेळीही भडोचच्या बाजारात चालत. त्याच वळणाची चांदीची नाणी क्षहरात नहपान याने पाडली आणि त्यांवर मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांचे कडे ठेवले. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. ग्रीक अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती तरी ती गोदावरीच्या काठापर्यंत आली होती. शब्द तर त्याहून चिवट निघाला. ड्रॅक्माचा संस्कृतात ‘द्रम्म’ झाला. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म असे कोष्टक दिले आहे. द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला, आणि दमडीही त्याच कुळातली. ‘दाम करी काम’ असे म्हणताना मराठी माणूस एक ग्रीक शब्द उच्चारीत असतो, याची त्याला जाणीवही नसते.

शब्द दूर देशी रुजतो आणि पुष्कळदा स्वतःच्या घरी मात्र मरतो. या संदर्भात, कालक्रमाने सर्वांत जुने असलेले नाणे शेवटी पाहणे योग्य होईल. इटलीच्या दक्षिण भागात सिबारिस या श्रीमंत ग्रीक नगराच्या लोकांनी इ. स. पू. 600 च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर पोसायडोनिया ही वसाहत केली. नाव अर्थात याच देवाचे. इ. स. पू. 530 च्या सुमारास तेथे जी नाणी निघू लागली तशी नाणी दक्षिण इटलीतील थोड्या ग्रीक नगरांवाचून कोठेही निघाली नाहीत. चकती रुंद आणि पातळ, वजन सुमारे साडेसात ग्रॅम. एका बाजूस पोसायडन त्रिशूळ उगारून पुढे झेपावत आहे, दोन्ही खांद्यांवरून उपरणे लोंबत आहे. मागील बाजूस तोच देव, पण उठावाऐवजी खोल गेलेला, जणू पुढच्या चित्राचा साचाच. दोन निराळे ठसे इतके नेमके समोरासमोर धरावयाचे की चित्रावर चित्र बसावे, ही हातोटी सोपी नव्हे. बाजूस नगराच्या नावाची पहिली अक्षरे आहेत. पुढच्या काळातील नाण्यांवर मागील बाजूस बैल येतो. इ. स. पू. 510 मध्ये क्रोटनच्या लोकांनी सिबारिसचा विध्वंस केला होता, आणि बैल हे सिबारिसचे चिन्ह. मातृनगर नष्ट झाल्यावर लेकीने त्याची खूण आपल्या नाण्यावर जपली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी डोंगराळ भागातील ल्युकेनियन लोकांनी पोसायडोनिया जिंकून घेतले. नगर जाळले गेले नाही. देवळे उभी राहिली, बाजार चालू राहिला, ग्रीक कुटुंबेही तेथेच राहिली. बदलले ते हळूहळू बदलले. नगराचे नाव नव्या लोकांच्या तोंडी पेस्टम असे झाले. इ. स. पू. 273 मध्ये रोमन लोकांनी तेथे आपली वसाहत केली आणि नाण्यांवर लॅटिन अक्षरे आली. चौथ्या शतकातील ग्रीक संगीतशास्त्रज्ञ अरिस्टॉक्सिनस हा दक्षिण इटलीचाच. त्याने या नगरवासीयांविषयी लिहिलेली एक नोंद अथीनिअस या ग्रंथकाराने जतन केली आहे. या लोकांचे आचार बदलले, भाषा बदलली. पण ग्रीकांचा एक उत्सव ते अजून पाळतात. त्या दिवशी सारे एकत्र जमतात, जुनी नावे आणि जुन्या चालीरीती आठवतात, एकमेकांपाशी शोक करून रडतात आणि निघून जातात.

या नोंदीत कोणावर जुलूम झाल्याचे सांगितलेले नाही. भाषा कोणी तोडली नाही. ती रोजच्या व्यवहारातून सुटली आणि वर्षातील एका दिवसापुरती उरली. उत्सवाच्या दिवशी जी अश्रू आणीत असे, तीच भाषा दुसऱ्या दिवशी बाजारात आणि मुलांच्या तोंडी नसे. पेस्टमची तीन देवळे आजही उभी आहेत. त्यांतील सर्वांत भव्य देऊळ नेपच्यूनचे म्हणून दीर्घकाळ प्रसिद्ध होते. ते बहुधा हेराचे असावे, असे आता मानतात. आपले दैवत कोणते, हे सांगणारे तेथे कोणी उरले नव्हते. त्या लोकांचे मूळ नाव आणि त्यांचा देव एकत्र पाहावयाचे असतील तर रुपयाएवढ्या चांदीच्या चकतीकडेच जावे लागते. तेथे मात्र पोसायडन अडीच हजार वर्षे त्रिशूळ उगारून उभा आहे, आणि त्याच्या शेजारी त्याच्या नगराची पहिली अक्षरे स्पष्ट वाचता येतात.